बहिरूची ओळ

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

औषधांच्या दुकानातून जानेवारीत मिळालेली ही डायरी दहा महिने फ्रिजच्या डोक्यावर कोरी पडून होती. आज तिची धूळ झटकली. आज माझी चांगलीच नाचक्की झाली आहे आणि ती बायकोशिवाय, आशाशिवाय, आणखी कुणाला तरी सांगायला हवी.

सकाळी गंगापूर रोडला अहिरे गुरुजींना भेटायला गेलो होतो. गुरुजी एक्याऐंशीचे आहेत, सध्या लेकीकडे, मोहिनीताईंकडे असतात. डोळ्यांच्या मधोमध अंधार आलाय. समोरच्याचं नाक दिसत नाही, कान तेवढे दिसतात, असं स्वतःच हसत सांगतात. चहा झाला, पाठांतराच्या गोष्टी निघाल्या. मी आपला फुशारक्या मारत बसलो. शाळेच्या पुस्तकांतल्या सगळ्या कविता मला आजही चालीसकट येतात, ही काही थाप नाही. अंबडच्या कंपनीत तेहेतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, ते त्याच गुणगुणत. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते राहू दे, धनराज. आपली झऱ्याची कविता म्हण."

मी तोंड उघडलं. एक ओळ आली.

सागर दिसता अडे जरा.

तिच्या मागे काही नाही, पुढे काही नाही.

"मलाही येत नाही रे," गुरुजी म्हणाले. "मीच रचली अन् मीच हरवली. कागदावर कधी उतरवलीच नाही. अठरा तारखेला मुलगा मला रायपूरला न्यायला येतोय. तिथून परत येणं आता काही होत नाही. जाण्याआधी एकदा अख्खी ऐकायची होती. तुम्हा पोरांच्या तोंडून."

पोरं! अडुसष्ट वर्षांची!

एकच ओळ का येते, ते लिहून ठेवतो, नाहीतर तेही विसरायचं. पेठ तालुक्यातल्या आमच्या पाड्यावरची शाळा म्हणजे एक खोली, एक गुरुजी आणि दोन वर्ग. सातवी उगवतीच्या फळ्याकडे तोंड करून बसायची, पाचवी मावळतीच्या भिंतीकडे. मध्ये पाठीला पाठ. "मागं वळायचं नाही" हा तिथला पहिला कायदा. दिवाळी झाली की आईबाप मजुरीला देशावर निघायचे आणि पोरांना बरोबर न्यायचे. बाकं रिकामी व्हायची. गुरुजींनी त्याच्यावर कविता हा उपाय काढला. सातवीत आम्ही आठ जण, म्हणून कविताही आठ ओळींची, प्रत्येकाला एक. एक जण गेला तर कविता लंगडी. आणि दुसऱ्याची ओळ म्हणायची नाही. "दुसऱ्याची ओळ म्हणजे दुसऱ्याचं ताट. त्यात हात घालायचा नाही." त्या वर्षी आठातला एकही गेला नाही. मी रडून, जेवण टाकून थांबलो होतो. माझी ओळ होती ना!

आपली पाळी येईपर्यंत छाती अशी धडधडायची की बाकीच्या ओळी कानावर आल्याच नाहीत.

आशाही त्याच खोलीत होती, पण पाचवीत, आमच्याकडे पाठ करून. त्यामुळे तिला विचारण्यात काही अर्थ नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे फिरताना सुचलं. सगळ्यांना एकत्र आणायचं म्हटलं तर भात कापणीचे दिवस आहेत आणि निम्म्यांचे गुडघे गेलेत. पण व्हिडिओ कॉलवर येतील की! गुरुजींना मोबाइल दाखवला तर म्हणतात, यात मला डाळीचे दाणे दिसतात. मग टीव्हीवर दाखवायचं. त्रेचाळीस इंचांवर झिपरूचे कान तरी दिसतीलच.

पुण्याला किशोरला फोन केला. चिरंजीव म्हणाले, "पप्पा, आपला टीव्ही साधा आहे. मी नवा स्मार्ट पाठवतो ना."

"नको. तुझा कॉलेजचा लॅपटॉप माळ्यावर आहे, तो जोडतो."

"तो? दोन हजार दहाचा आहे तो! बॅटरी कधीच मेलीय."

"वायर लावली की उठत असेल. मीही चहा लावल्याशिवाय कुठे उठतो?"

"लिंक उघडेल तशी त्याच्यावर. पण एचडीएमआय आहे का बघा."

मी म्हटलं, सगळं आहे. आता नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

आशाने स्टूल धरलं, मी माळ्यावरून लॅपटॉप उतरवला. किशोरच्या लहानपणीच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला. चांगला वजनदार, पाटीसारखा. लावला तर खरंच उठला, पंखा घरघरला, पडद्यावर हिरवा डोंगर आला. मला आमचा डोंगर आठवला आणि मी तसाच बसून राहिलो. आशा म्हणाली, "डोंगर नंतर बघा. आधी स्टूल जागेवर ठेवा."

६ नोव्हेंबर, गुरुवार

एचडीएमआय वायर आणली. काळी, जाड, दोन्ही टोकांना चपटी तोंडं. टीव्हीच्या पाठीत एक टोक असं बसलं, जणू जन्मोजन्मीची ओळख. दुसरं लॅपटॉपला लावायला गेलो तर तिथे तसं तोंडच नाही! एक खाच साधारण सारखी वाटली. जरा रेटून बघितलं.

"बळजबरी करू नका," आशा पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "तोंडं बघून सोयरीक करावी."

"मग कुठे लावू?"

"मला काय विचारता? सातवीतले तुम्ही."

हे तिचं पंचेचाळीस वर्षांचं ठरलेलं उत्तर. लॅपटॉप फिरवून फिरवून पाहिला. एका बाजूला निळ्या रंगाची एक रुंद खाच आहे, तिच्यात पंधरा बारीक भोकं, दोन्ही अंगांना दोन आटे. पाच-पाचच्या तीन ओळींत भोकं. दर ओळीत पाच... माझ्या डोक्यात एकदम कवायतीचं मैदान उभं राहिलं. आपण कुठलं काम करतोय हे विसरलो आणि दुपार गेली.

८ नोव्हेंबर, शनिवार

पवननगरच्या बाजारात राकेशभाऊंचं दुरुस्तीचं दुकान आहे. पंचेचाळिशीचा माणूस, चष्मा कायम कपाळावर. लॅपटॉप पिशवीतून काढून निळी खाच दाखवली.

"काका, हे व्हीजीए. जुनं खोड. याच्यातून नुसतं चित्र जातं."

"चित्रच हवंय."

त्यांनी काडेपेटीएवढी एक डबी दिली. एका बाजूने निळ्या खाचेत बसणारी, दुसऱ्या बाजूने माझी वायर घेणारी. डबीला दोन बारीक शेपट्या. त्यांचं काहीतरी ते समजावत होते, पण त्यांच्या मागच्या फळीवर लाकडी खोक्याचा एक रेडिओ होता, अगदी पाड्यावर पाटलांकडे होता तसा. त्या रेडिओभोवती आम्ही सगळे... असो. राकेशभाऊ म्हणाले, "कळलं ना, काका?" मी म्हटलं, अगदी.

घरी येऊन जोडणी केली. शेपट्या लोंबत होत्या म्हणून रबरबँडने नीट बांधून टाकल्या. टीव्ही लावला. निळा पडदा, त्यावर अक्षरं: सिग्नल नाही. डबी काढली, फुंकली, लावली. सिग्नल नाही.

"या दोन बारीक वायरी कशाच्या?" आशाने विचारलं.

"जादाच्या असतील."

"कुणी जादाची वायर देतं का हल्ली?"

वाद नको म्हणून वाचनालयात जाऊन बसलो. साडेसहाला परत आलो तर काय, टीव्हीवर हिरवा डोंगर! आशा सोफ्यावर घेवडा निवडत बसलेली.

"कसं झालं?"

"तुम्ही गेलात आणि आलं."

यंत्रांनाही थोडी उसंत द्यावी लागते, हे मी कंपनीतही सांगायचो. रबरबँड मात्र कुठे सापडेना. एक शेपटी लॅपटॉपच्या खाचेत अडकलेली दिसली, दुसरी मोकळीच. हात लावला नाही. चालत्या गाडीला खीळ कशाला?

९ नोव्हेंबर, रविवार

टीव्हीवर डोंगर आहे, पण नुसता डोंगरच. लॅपटॉपवर काहीही उघडलं तरी टीव्हीवर डोंगर. किशोर म्हणाला, खिडकीचं चिन्ह असलेलं बटण दाबून ठेवा आणि पी दाबा, मग डुप्लिकेट निवडा. दाबलं. जे इथे, ते तिथे! बाण एवढा मोठा दिसतो की हात लावावासा वाटतो. आनंदाने एक अख्खी कविता म्हटली, सहावीच्या पुस्तकातली. आशा म्हणाली, खिडकी लावा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज फोनवर फोन.

झिपरू पाड्यावरच असतो. त्याचा नंबर होता माझ्याकडे, पण शेवटचं कधी बोललो ते दोघांनाही आठवेना.

"कोण धनराज? स्टोअरवाला? आरं, जिता हायेस!"

त्याला सगळं सांगितलं. त्याच्या शेजारीच लहानू आणि धोंडाबाई, दोघं आपल्यातलेच. तिघं एका फोनवर येतील. पाड्यात नेटला रेंज नाही, पण पाण्याच्या टाकीवर चढलं की लय भारी येते म्हणे. मी विचारलं, धोंडाबाई टाकीवर चढेल का? मागून बाईंचाच आवाज: "तुझ्यापेक्षा आधी चढेन!"

मग मी हळूच म्हटलं, "झिपरू, तुझी ओळ सांग ना. लिहून घेतो."

"फोनवर नाय सांगत. गुरुजीम्होरं सांगीन."

"अरे, मलाच तर सांगतोयस."

"ताटात हात नको घालू, धन्या."

बघा, पंचावन्न वर्षं झाली, तरी कायदा शाबूत.

गोटीराम वापीला मुलाकडे आहे. झुंबर मालेगावला, त्याच्या घरामागे यंत्रमाग चालतात, त्यामुळे तो फोनवर कायम ओरडूनच बोलतो. दोघेही येतो म्हणाले, दोघांनीही ओळ सांगितली नाही.

राहिली फुलाबाई. तिचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. मी हताश होऊन बसलो, तर आशाने स्वतःचा मोबाइल पुढे केला. "हा घ्या. दिंडोरीला असते, द्राक्षबागेजवळ. सांध्यांना तेल लावायचं म्हणून अधूनमधून फोन करते मला."

"मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

आता फुलाबाईबद्दल. सातवीत असताना तिच्या वेणीला लाल फीत असायची आणि मी... ही डायरी फ्रिजवर असते, म्हणून पुढचं लिहीत नाही. फोनवर आवाज घोगरा झालाय, पण हसणं तेच. "धन्या, तू माझी बोरं चोरायचास," म्हणाली. मी चोरायचो ते तिने बघावं म्हणूनच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आठवी ओळ बहिरूची. आणि बहिरूला जाऊन अकरा वर्षं झाली.

हे माहीत होतं, पण कालपर्यंत वायरींच्या नादात मनावर घेतलं नव्हतं. शेवटचाच तुकडा नाही म्हणजे काय? गुरुजींनी अख्खी मागितलीय. बहिरूच्या मुलाला फोन करून पाहिला. "बाबा कविता म्हणायचे? आमच्यासमोर कधीच नाही," म्हणाला. वर आठवण काढली म्हणून त्यालाच भरून आलं.

मग ठरवलं, आपणच एक ओळ रचायची. यमक ठाऊक आहे, आधीची ओळ ठाऊक आहे, कवितेची आवड जन्माची. दुपारभर बसलो. चौदा मात्रा पक्क्या बसवल्या:

अर्पुन देई देह पुरा.

स्वतःवरच खूश होऊन आशाला वाचून दाखवली. ती नागलीचं पीठ चाळत होती, तोंडाने काहीतरी गुणगुणत. थांबली.

"देह कशाला अर्पण करतोय झरा? लहान पोरांच्या कवितेत?"

"समुद्राला मिळतो ना तो. त्याग आहे त्यात."

"असं नव्हतं ते."

"तुला काय ठाऊक? तू पाचवीत होतीस."

"होय. पाचवीत होते." आणि पुन्हा चाळायला लागली. चाल मात्र ओळखीची वाटली. कुठलं तरी अभंगाचं वळण असावं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज रंगीत तालीम. उद्या सकाळी अकराला गुरुजी येणार.

लॅपटॉप टीव्हीच्या पुढ्यात नागलीच्या डब्यावर ठेवला, म्हणजे गुरुजी टीव्हीकडे बघतील तेव्हा कॅमेऱ्याकडेही तोंड राहील. ही युक्ती माझी. किशोरने पाठवलेली लिंक उघडली आणि एकेक चौकट उगवायला लागली. पहिल्या चौकटीत आभाळ आणि टाकीचा कठडा, मग त्यात झिपरूचं टक्कल, लहानूची टोपी, धोंडाबाईचा पदर. दुसरीत गोटीरामची हनुवटी. तिसरीत झुंबर. चौथीत फुलाबाई, नाकावर मोठा चष्मा. लाल फीत नव्हती. मी उगाच शोधली.

पण आवाज? टीव्हीतून चिटपाखरूही नाही. लॅपटॉपमधून कुजबुज येत होती, डब्यात मधमाशी कोंडल्यासारखी. गुरुजींना ऐकू येतं चांगलं, पण या कुजबुजीत काय कळणार? चित्र दिसतंय आणि कविता ऐकू येत नाही, याला काय अर्थ आहे? राकेशभाऊंना फोन केला.

"काका, मी सांगितलं होतं की, याच्यातून नुसतं चित्र जातं! आवाजाची शेपटी लावली का?"

मी "शेपटी... शेपटी..." करतोय तोवर आशा पदराला हात पुसत आली, मोकळी शेपटी उचलली आणि हेडफोनच्या भोकात खोचली. टीव्हीतून झुंबर गरजला, "हॅलोऽऽ!" पाठोपाठ यंत्रमाग. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं.

"तुला कसं सुचलं?"

"मिक्सरला जेवढी भांडी तेवढी झाकणं असतात. जादाचं कुणी देत नाही."

मग मी सूत्रं हातात घेतली. "एक, दोन, तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम आपापली ओळ!" माझ्या मनात मोठा समूहस्वर होता, डोंगरात घुमल्यासारखा. काय झालं ते लिहवत नाही. प्रत्येकाचा आवाज दुसऱ्यापेक्षा दोन पावलं मागे. गोटीराम संपला तेव्हा धोंडाबाई सुरू झाली, झिपरू मध्येच हसला, झुंबरचे माग तालात आणि माणसं बेताल. एक अक्षर कळलं नाही.

"अहो," स्वयंपाकघरातून आवाज आला, "शाळेत कुठे एकदम म्हणत होतात? एकामागून एक म्हणायचात. पुढचा थांबला की मागचा."

खरंच की! तसंच होतं. एक थांबेपर्यंत दुसरा बोलत नसे. मग आवाज उशिरा आला काय आणि लवकर आला काय. बायकांना नको त्या बारीकसारीक गोष्टी कशा लक्षात राहतात कोण जाणे.

उद्याची चिंता एकच. बहिरूची ओळ मी म्हणणार आहे. कागद खिशात ठेवलाय.

१६ नोव्हेंबर, रविवार

हे सगळं नीट, सावकाश लिहायचं आहे.

मोहिनीताई गुरुजींना घेऊन बरोबर अकराला आल्या. गुरुजींनी पांढरा सदरा घातला होता, वर कोट, जणू परीक्षा घ्यायला आलेत. टीव्हीपासून हातभर अंतरावर खुर्ची ठेवली. ते मान जरा तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागले. टीव्हीवर सगळे आधीच आले होते, केस विंचरून. झिपरूनेही, कशाचे ते त्यालाच ठाऊक.

"जय भीम, गुरुजी! रामराम, गुरुजी! नमस्कार!" सगळं एकदम, दोन पावलं मागे-पुढे.

गुरुजी खुर्चीत पुढे वाकले. मला वाटलं, दिसत नसावं. मग हात वर करून ते टीव्हीच्या काचेजवळ नेत म्हणाले, "हा टाकीवर बसलाय तो झिपरू. याचे कान तेव्हाही असेच होते."

टाकीवर एकच हशा पिकला.

"हजेरी घेतो," गुरुजी म्हणाले. "झिपरू?"

"हजर, गुरुजी!"

"गोटीराम?" "हजर!" "लहानू?" "हजर!" "फुला?" "हजर, गुरुजी." मी बघत होतो, अडुसष्ट वर्षांची बाई बसल्या जागी ताठ झाली. "झुंबर?" "हजऽऽर!" "धोंडा?" "हाय, गुरुजी!" "धनराज?"

"हजर," मी म्हणालो. माझाच आवाज मला बारीक वाटला.

"बहिरू?"

माग चालू होते तेवढाच आवाज. मग झिपरू म्हणाला, "बहिरू गेला, गुरुजी. अकरा वर्षं झाली."

गुरुजींनी मान हलवली. "बरं. त्याची जागा मोकळी ठेवा. कुणी सरकून बसू नका. चला, झिपरू."

झिपरूने टाकीवर उभं राहून हाताची घडी घातली.

डोंगर उतरत निघे झरा,

थोडं थांबून वापीहून गोटीराम:

दगडा म्हणतो, वाट करा,

मग लहानू, टोपी काढून:

खाचर भरतो झराझरा,

फुलाबाई, चष्म्याआड डोळे मिटून:

नागलि हलवी नवा तुरा,

झुंबर, सगळ्या मागांच्या वर:

गाइगुरांचा मित्र खरा,

धोंडाबाई:

नदी म्हणाली, हात धरा,

अशी होती तर! पंचावन्न वर्षं मी या झऱ्याच्या शेवटी उभा होतो आणि वरचा डोंगर मला माहीत नव्हता. इतका हरखलो की माझी पाळी आल्याचं भान नाही. गुरुजींनी बोटाने खूण केली.

सागर दिसता अडे जरा,

मी म्हणालो. आणि खिशात हात घातला.

कागद हाताला लागला. पण "जागा मोकळी ठेवा" म्हणाले होते ना? अर्पुन देई देह पुरा. तो देह मला एकदम बहिरूचाच वाटायला लागला. त्याच्या ताटात मी हे वाढणार? सगळे वाट बघत होते. एक, दोन, चार श्वास गेले. गोटीरामला वाटलं नेट गेलं. "हॅलो, आवाज येतोय का?" मोहिनीताई लॅपटॉपकडे वाकल्या. गुरुजी नुसते तिरक्या मानेने बसून होते.

मागे वळुनी बघे घरा.

चालीवर, सावकाश, एक अक्षर न चुकता. टीव्हीतून नव्हतं आलं. माझ्या पाठीमागून आलं.

स्वयंपाकघराच्या दारातून दिसत होतं, आशा गॅससमोर उभी, आमच्याकडे पाठ करून, पातेल्यात डाव फिरवत होती.

गुरुजींची मान झर्रकन फिरली. "कोण शे?" त्यांची सटाण्याकडची बोली अशीच अचानक फुटायची, खूश झाले की किंवा चिडले की. "पाचवीतलं कोण बोललं?"

"मी, गुरुजी. आशा."

"मागं वळली होतीस?"

"नाही, गुरुजी. वळले नव्हते. कान होते."

मग गुरुजी असे हसायला लागले की कोटाचं बटण सुटलं. मोहिनीताईंनी पाणी दिलं, ते बाजूला सारलं. "आठांना एकेक ओळ शिकवली," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि अख्खी कविता शिकली ती भिंतीकडे तोंड करून बसलेली पोर. वळ आता, आशा. वळायची परवानगी आहे."

ती वळली. हातात डाव तसाच. पदर सारखा केला आणि पहिल्यापासून म्हणायला लागली. झिपरूची, गोटीरामची, लहानूची, सगळ्यांची ताटं एकामागून एक मांडत गेली, कुणाच्या ताटात हात घातल्यासारखं वाटलं नाही. टाकीवर तिघं मान डोलवत होते. फुलाबाई रडत होती आणि हसत होती. शेवटच्या ओळीला गुरुजींनी तर्जनी वर केली, शाळेत करायचे तशी, आणि ओठ हलवले. त्यांना आठवली होती.

पातेल्यातली खीर तेवढ्यात लागली. सगळ्यांनी तशीच खाल्ली. टाकीवरचे म्हणाले, आमच्या वाटणीची झुंबरला द्या, तो जवळ आहे. झुंबर म्हणाला, मालेगाव जवळ?

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "पंधरा दिवस मी वणवण करतोय. आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंत कुठे?" खरकटी गोळा करत ती म्हणाली. "आणि पहिल्याच दिवशी सांगितली असती, तर तुम्ही झिपरूला फोन केला असता का? फुलाला केला असता?"

मी उरलेली ताटं उचलली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गुरुजींना भेटून आलो. उद्या निघतील. मोहिनीताईंनी कविता मोठ्या अक्षरात लिहून मागितली आहे, गुरुजींच्या पेटीत ठेवायला. गुरुजी म्हणाले, खाली नऊ नावं घाल. बहिरूचं आणि आशाचंही.

लॅपटॉप माळ्यावर ठेवायला गेलो तर आशाने थांबवलं. गुरुवारी फुलाबाई येणार आहे टीव्हीवर, धोंडाबाई टाकीवर चढणार आहे. त्या दोघींना आपल्या यंत्राची गोडी लागली, याचं मला समाधान आहे. आशालाही थोडीफार लागली असावी, माझं बघून बघून.

संध्याकाळी कागद घेऊन बसलो. आशा मेथी निवडत होती.

"सांग," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. गुरुजींना दिसावं म्हणून अक्षरं दोन-दोन इंचांची. सातव्या ओळीपाशी मी तिला हाताने थांबवलं. "ही राहू दे. ही माझी आहे. सागर दिसता अडे जरा." आणि लिहून टाकली.

आशाने मेथीतून मान वर केली नाही.

"येता," ती म्हणाली.

"काय?"

"सागर येता अडे जरा. दिसता नाही. तुम्ही तेव्हाही चुकायचात. सातवीतले सगळे हसायचे, तुम्हाला वाटायचं फुला हसतेय."

मी 'दिसता' खोडलं आणि वर 'येता' लिहिलं, दोन इंचांचं.